आमच्या जुन्या राजधानीचा चौक

राजधानी हा शब्द उच्चारला म्हणजे मराठी वाचकाच्या मनांत रायगड येतो, सातारा येतो, पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा येतो. क्वचित् कोणास पैठण किंवा देवगिरी आठवेल. परंतु आमच्या शिरड शहापुरास पन्नास वर्षांपूर्वीं एखाद्या वृद्ध गृहस्थास 'तुमची राजधानी कोणती?' असें विचारलें असतें, तर त्यानें यांपैकीं एकाचेंही नांव घेतलें नसतें. 'हैदराबाद' एवढेंच तो म्हणाला असता, आणि तेंही अभिमानानें नव्हे. सासुरवाशिणीनें मामंजींचा उल्लेख करावा तसा, जरा आवाज उतरवून.

शिरड शहापूर हें हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यांतील गांव. मल्लिनाथाच्या दिगंबर जैन मंदिरामुळें जैन बांधवांत त्याची ख्याति आहे. इतरांस तें वसमतेहून औंढ्याच्या नागनाथास जातांना लागणारें गांव म्हणून ठाऊक असेल. हा सर्व मुलूख गोदावरीच्या उत्तरेचा. भाषेनें, पोषाखानें, सणावारांनीं पूर्णपणें मराठी. परंतु १७६३ सालीं निजामअलीनें आपली राजधानी औरंगाबादेहून हैदराबादेस हलविली, आणि तेव्हांपासून १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत, म्हणजे एकशें पंचाऐंशी वर्षें, आमच्या शेताचा सारा, आमच्या भांडणांचा निकाल आणि पुढें पुढें आमच्या शाळांची भाषा, या सर्व गोष्टी मुसी नदीच्या कांठीं ठरत. ज्या वर्षीं राजधानी दूर गेली त्याच वर्षीं राक्षसभुवनास निजामाचा पराभव झाला, हें इतिहासप्रेमी वाचकांस सांगावयास नको. लढाई मराठ्यांनीं जिंकली; आमचीं गांवें मात्र शेवटीं निजामाकडेच राहिलीं.

१ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यपुनर्रचनेनें मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० मध्यें महाराष्ट्र झाला, आणि हैदराबाद आम्हांस परप्रांतांतील शहर झालें. आतां आमच्याकडील मंडळी तेथें जातात तीं इस्पितळासाठीं, नोकरीसाठीं किंवा मुलांच्या परीक्षांसाठीं. चारमिनार पाहतात तो रिक्षांतून, आणि तोही एका छायाचित्रापुरता. गेल्या हिंवाळ्यांत आम्हीं ठरविलें कीं, हा चौक एकदां सावकाश, पायीं, आणि आपली जुनी राजधानी म्हणून पाहावयाचा. आम्ही उभयतां, आमची वृद्ध आत्या आणि पुण्यास शिकणारा एक पुतण्या, असे चौघे निघालों. आत्यांच्या पिशवींत एक कागद होता. त्याविषयीं पुढें सांगूं.

वसमतेस गाडींत बसलें म्हणजे पूर्णा, नांदेड, निझामाबाद असा मार्ग आक्रमीत ती काचीगुड्यास आणून सोडते. वर्णन करण्याजोगें वाटेंत फारसें कांहीं नाहीं. काचीगुड्याहून अफझलगंज, आणि अफझलगंजच्या पुढें मुसीवरचा पूल. लोक त्यास 'नया पूल' म्हणतात, कारण 'पुराना पूल' पश्चिमेस आहे. तो १५७८ चा. गंमत अशी कीं, तो बांधला तेव्हां पलीकडच्या कांठावर हैदराबाद शहरच नव्हतें. गोवळकोंड्याच्या तटांत राजधानी मावेनाशी झाली, तेव्हां १५९१ मध्यें महंमद कुली कुतुबशहानें नदीच्या दक्षिणेस नवें शहर वसविलें. पूल आधीं आणि शहर मागाहून, असा हा उलटा क्रम आहे.

नदी आतां केवळ नांवाची उरली आहे. पाण्यापेक्षां गाळच अधिक, आणि वास असा कीं नाकास पदर लावावा. तरीही आत्यांनीं संवयीप्रमाणें कनवटीचें नाणें काढून पाण्यांत टाकलें. पुतण्या हंसला. 'नदी ती नदीच रे,' असें म्हणून त्या पुढें चालूं लागल्या.

या पुलावर थोडें थांबावें अशी आमची शिफारस आहे. दक्षिणतीरावर हायकोर्टाची घुमटांची तांबूस इमारत, उत्तरतीरावर उस्मानिया इस्पितळ. दोन्ही शेवटच्या निजामाच्या काळचीं, आणि दोहोंशीं व्हिन्सेंट एश या इंग्रज शिल्पज्ञाचा संबंध. काचीगुड्याचें जें स्थानक आम्हीं मागें टाकून आलों तेंही त्याचेंच. हायकोर्ट १९२० मध्यें या इमारतींत आलें. तेलंगणाच्या हायकोर्टासाठीं आतां राजेंद्रनगरकडे नवी वास्तु ठरली असून मार्च २०२४ मध्यें तिची पायाभरणीही झाली. म्हणजे हें घरही केव्हांतरी रिकामें होणार. आमच्या पणजोबांच्या पिढीला मात्र 'हैदराबादेस जाणें' याचा एकच अर्थ ठाऊक होता. जमिनीचा वाद खालीं तुटला नाहीं म्हणजे माणूस शिदोरी बांधून येथें येई.

ह्या नदीनें २८ सप्टेंबर १९०८ रोजीं शहराचें रूपच पालटलें. त्या पुरांत हजारों माणसें गेलीं. इस्पितळाच्या आवारांतील एका चिंचेवर चढून दीडशें जीव वांचले, असें सांगतात. उर्दू कवि अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी व मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेलीं. घरांतील ते एकटे उरले. त्यानंतर विश्वेश्वरय्यांस पाचारण झालें, उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव झाले, १९१२ मध्यें शहरसुधारणेचें मंडळ निघालें. परंतु पुराबरोबर दुसरीही एक गोष्ट वाहून गेली. निजाम उस्मान अली नदीच्या उत्तरेस किंग कोठींत राहूं लागला, हळूहळू सरदारांचीं बिऱ्हाडेंही तिकडे सरकलीं, आणि चारमिनारचा परिसर राजधानीचें हृदय न राहतां जुनें शहर झाला. मोठ्या घरांतील थोरली जाऊ माजघरांत जाते आणि सत्ता धाकटीच्या हातीं येते, तसेंच हें.

पुलावरून दक्षिणेस सरळ गेलें म्हणजे दोन्ही बाजूंस दगडी कमानींच्या दुकानांची जी रांग लागते ती पत्थरगट्टी. ही त्या सुधारणामंडळाच्याच काळची. पुढें मछली कमान. येथून खरें जुनें शहर सुरू होतें. चार दिशांस चार उत्तुंग कमानी, आणि त्यांच्या मधोमध गुलजार हौज. आज हौजाभोंवतीं मोटारी, हातगाड्या आणि मोत्यांचीं दुकानें यांची एवढी दाटी आहे कीं, चारही कमानी एका दृष्टींत आणावयाच्या तर पहांटे यावें लागतें. आम्ही दुसऱ्या दिवशीं साडेसहालाच आलों, आणि तेव्हां कोठें ही रचना कळली. हें राजवाड्यापुढील भव्य पटांगण होतें. पूर्वेच्या काळी कमानीवर नगारखाना, पश्चिमेच्या कमानींतून महालांत जाण्याची वाट. ते महाल आतां नाहींत. १६८७ मध्यें औरंगजेबानें गोवळकोंडा घेतल्यानंतर कुतुबशाही राजवाडे लयास गेले. दरवाजे उरले, घर गेलें.

दक्षिणेच्या कमानींतून पाहिलें कीं समोर चारमिनार. त्याची कीर्ति आम्हीं लिहून वाढेल असें नाहीं. तरी चार गोष्टी नमूद करतों. गोवळकोंड्याहून मछलीपट्टणच्या बंदरास जाणारा व्यापारी रस्ता जेथें ओलांडला जाई, तेथेंच तो बांधला. मीर मोमीन या इराणी प्रधानानें या चौकाभोंवतीं शहर आंखलें असें मानतात. महामारी टळल्याची खूण म्हणून तो बांधला असें लोक सांगतात. हिजरी सनाचें हजारावें वर्ष तेव्हांच लागलें होतें, याकडे अभ्यासक बोट दाखवितात. इमारतीची एकेक बाजू सुमारें वीस मीटर, कमान सुमारें अकरा मीटर रुंद. सर्वांत वर मशीद. चार कमानींवरील घड्याळें मात्र मूळचीं नव्हत, तीं १८८९ मध्यें बसविलीं. पायथ्याशीं भाग्यलक्ष्मीचें लहानसें देऊळ आहे. तें किती जुनें यावर वाद आहे आणि तेथें पोलिसांचा पहारा असतो. आत्यांनीं तेथें हात जोडले व पुढें होऊन मिनाराच्या दगडासही हात लावून नमस्कार केला. आम्हीं कांहीं बोललों नाहीं.

पायऱ्या एकशें एकोणपन्नास असून जिना इतका अरुंद कीं, उतरणारा आणि चढणारा यांनीं एकमेकांची मर्जी राखल्याशिवाय कोणाचेंच पाऊल पुढें पडत नाहीं. त्यामुळें आम्हीं खालूनच समाधान मानलें. पुतण्यानें वर जाऊन चार रस्ते चार दिशांस कसे सरळ जातात तें पाहिलें.

मराठी वाचकास या चौकाची ओळख निजामाच्याही आधींची आहे, हें विसरतां कामा नये. आपल्या बखरींत या शहराचें नांव भागानगर. भागमती नांवाच्या नर्तकीवरून तें पडलें अशी दंतकथा आहे. फ्रेंच प्रवासी टॅव्हर्निए यास 'बागनगर' म्हणजे नगर नांवाच्या राणीची बाग असें वाटलें. कांहीं असो, १६७७ च्या आरंभीं दक्षिणदिग्विजयास निघालेले शिवाजीमहाराज येथें येऊन तानाशहास भेटले. त्या वेळीं सर्व शहर शृंगारिलें होतें असें सभासद लिहितो. दरबाराचा कारभार तेव्हां मादण्णा व आकण्णा या दोघां ब्राह्मण बंधूंच्या हातीं होता. थोड्याच वर्षांनीं हे बंधु गोवळकोंड्यास मारले गेले. ज्या रस्त्यावर आतां पेरूच्या गाड्या उभ्या असतात त्याच्या आसपास कोठेंतरी महाराजांचें तें स्वागत घडलें; परंतु त्याची पाटी आम्हांस कोठें दिसली नाहीं.

पश्चिमेस लाड बाजार आहे. तेथील लाखेच्या बांगड्यांस २०२४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. भट्टीपुढें बसलेला कारागीर तापल्या लाखेची वळी हातानें वळवून तिजवर कांचेचे खडे बसवितो, आणि मापाची बांगडी तुमच्यासमोर तयार होते. आमच्या सौभाग्यवतींनीं किती घेतल्या हें येथें लिहिण्याची आम्हांस परवानगी नाहीं. इराणी चहाही आम्हीं घेतला. त्याबरोबर मिळणारें उस्मानिया बिस्किट थोडें गोड, थोडें खारट असतें.

आतां तो कागद. आमच्या घरीं दप्तराचा एक जुना रुमाल आहे. त्यांतील मोडी कागद एका परिचितांनीं पूर्वींच वाचून दिले. एक मात्र उर्दूंत, आणि तोच घरांत सर्वांत मानाचा. विहिरीच्या पाण्याचा वाद आमच्या पणजोबांनीं हैदराबादपर्यंत नेला व जिंकला, त्याचा हा निकाल, अशी तीन पिढ्यांची समजूत. दसऱ्यास शस्त्रें नाहींत म्हणून पूजेंत हा कागद मांडला जाई! घरांत कोणासच तो वाचतां येत नव्हता. स्वतः पणजोबांस तरी येत होता कीं नाहीं, देव जाणे.

पत्थरगट्टीच्या मागें छत्ता बाजार म्हणून उर्दू छपाईची वस्ती आहे. पूर्वीं तेथें हस्ताक्षर घडविणारे कातिब ओळीनें बसत. आतां संगणकावर लग्नपत्रिका निघतात, पण बोरूचे जाणते अजून एखाददुसरे आहेत. अशा एका वृद्ध गृहस्थांपुढें आत्यांनीं कागद ठेवला. त्यांनीं चष्मा पुसला, कागद खिडकीकडे धरला, आणि बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. सन १३३५ फसली, महिना आजर, म्हणजे १९२५ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर. कचेरीचा शिक्का पुसलेला. मग म्हणाले, 'अम्मा, इसमें फैसला नक्को ढूंडो. खाली पेशी की तारीख है.' वादी हजर, प्रतिवादी गैरहजर, सुनावणी पुढील महिन्यांत. एवढाच मजकूर.

आमचा चेहरा पडला. आत्यांचा नाहीं. 'हजर' हा शब्द त्यांनीं दोनदां म्हणवून घेतला. 'म्हणजे आजोबा आले होते,' त्या म्हणाल्या. 'एवढ्या लांब आले होते.' कातिबांनीं पैसे घेतले नाहींत. त्यांनीं तो मजकूर नागरींत लिहूनही दिला.

परत येतांना पुतण्याच्या ध्यानांत एक गोष्ट आली. 'ते नक्को कसें म्हणाले? तें तर आपलें नको!' खरेंच आहे. दखनी बोलींतील 'नक्को' मराठीचा. ऐसाइच, वैसाइच यांतील तो शेवटचा 'च'देखील आमचाच, असें भाषेचे अभ्यासक सांगतात. राजधानीच्या कचेऱ्यांत आमच्या भाषेस थारा नव्हता. १८८४ पर्यंत तेथें फारसी, त्यानंतर उर्दू. १९१८ चें उस्मानिया विद्यापीठही उर्दूच. मराठी मुलास वरचें शिक्षण घ्यावयाचें तर परकी लिपि गिरवावी लागे किंवा मुलूख सोडावा लागे. हा अन्याय होता, आणि तो सौम्य शब्दांत सांगण्याचें कारण नाहीं. परंतु कचेरीच्या दारांतून जिला प्रवेश मिळाला नाहीं ती मराठी बाजाराच्या दारानें आंत गेली आणि तेथेंच राहिली. आणि देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. पेशी, वकालतनामा, खासरा, जमाबंदी हे शब्द आमच्या गांवच्या पारावर अजून रोज ऐकूं येतात. कलेक्टरास 'अव्वल तालुकदार' म्हणणारीं माणसें तर आम्हीं लहानपणीं पाहिलीं आहेत.

मक्का मशीद चारमिनारच्या दक्षिणेस लगत आहे. १६१७ मध्यें आरंभिलेली ही मशीद पुरी झाली औरंगजेबाच्या हातून, १६९४ मध्यें. तिच्या आवारांत निजामांच्या कबरी आहेत. ज्यानें राजधानी येथें आणली तो निजामअली १८०३ पासून तेथेंच विसावला आहे. शुक्रवारीं दुपारीं मोठी गर्दी असते. परस्थ पाहुण्यांनीं अन्य वेळीं जावें. तेथून जवळच चौमहल्ला. १७५० च्या सुमारास आरंभ, १८६९ पर्यंत बांधकाम. त्याच्या खिलवत महालांतील झुंबरांखालीं निजामांचे दरबार भरत. आतां तेथें तिकीट काढून शाळेच्या सहली येतात. झुंबरें सुंदर आहेत. आम्हांस मात्र तेथें राहून राहून आठवण झाली ती दप्तराची. मराठवाड्याच्या सुभ्यांचा हिशेब ज्या दप्तर-ए-दिवानींत राही, तें पिढ्यान् पिढ्या राय रायां या महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्याकडे होतें. तेलंगणाचें दप्तर-ए-माल मालवाले या कायस्थ घराण्याकडे. सालारजंगानें १८६५ च्या पुढें जिल्हे पाडून नवी व्यवस्था लाविली तेव्हां या वंशपरंपरागत दप्तरांचा जोर ओसरला. तात्पर्य, झुंबरांखालीं निजाम बसत असे खरा. पण आमच्या शेताची वही ज्यांच्या ताब्यांत होती ते आमचेच लोक होते. परक्या सत्तेची सर्व जबाबदारी परक्यांवर टाकून मोकळें होण्याची संवय आपल्या समाजास आहे, म्हणून हें मुद्दाम लिहिलें.

१९३८ चा सत्याग्रह, स्वामी रामानंद तीर्थ, रझाकारांचे अत्याचार, आणि १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची लष्करी कारवाई, हा इतिहास मराठवाड्यांत घरोघर सांगितला जातो. आमच्या गांवींही त्या दिवसांत दारांस आंतून दोन दोन अडसर लागत, असें आत्यांनीं आपल्या आईकडून ऐकलें. परंतु कारवाईनंतरच्या आठवड्यांत आमच्या मुलखांतील निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवर जें गुदरलें, तें मात्र कोणी सांगत नाहीं. सुंदरलाल समितीनें त्याची चौकशी केली, आणि अधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड हे मराठी जिल्हे नोंदविले. छत्ता बाजारांतील त्या कातिबांनीं आमचें गांव विचारलें, परभणीकडचें असें ऐकून क्षणभर ते थांबले, आणि मग कागद उचलला. त्या थांबण्याचा अर्थ आम्हीं विचारला नाहीं.

पुन्हा पूल ओलांडून उत्तरेस आलें म्हणजे कोठीच्या बाजूस विवेकवर्धिनी संस्था आहे. मराठी मुलांस मराठींत शिकतां यावें म्हणून १९०७ मध्यें ती निघाली. तिच्या संस्थापकांत वामनराव नाईक होते आणि केशवराव कोरटकर होते. हे केशवराव पुरजळचे, म्हणजे आमच्या शिरड शहापुराच्या शेजारचे. १८६७ मध्यें जन्मलेला हा मुलगा वकील होऊन हैदराबादेस आला आणि पुढें हायकोर्टाचा न्यायाधीश झाला. पुरजळला त्यांचें नांव किती मुलांस ठाऊक आहे, हें आम्ही गांवीं परतल्यावर एकदां विचारून पाहणार आहों.

तारनाका भागांत जुन्या संस्थानचें पुराभिलेखागार आहे. त्यांत मोगल काळापासूनचे फारसी कागद जपलेले आहेत. निजामकाळच्या नोंदींस आमच्याकडे अलीकडे पुन्हा किंमत आली. २०२३ मध्यें मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठीं नेमलेल्या न्यायमूर्ति शिंदे समितीसही हैदराबादची वाट धरावी लागली, आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयानें 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द आमच्या चहाच्या दुकानापर्यंत पोहोंचला. ज्या घरीं उर्दू किंवा फारसी कागद पडून असतील, त्यांनीं ते वाळवीच्या स्वाधीन करण्यापूर्वीं वाचून घ्यावे. त्या लिपीचे जाणते दरवर्षीं कमी होत आहेत. तारनाक्यास जाणें आम्हांस या खेपेस जमलें नाहीं, कारण आत्यांचे पाय दुखूं लागले होते. हळदीचा हंगाम उरकला म्हणजे पुन्हा जावयाचा बेत आहे. विहिरीच्या दाव्याची पुढची तारीख त्या कागदावर लिहिलेली आहेच. त्या तारखेस काय झालें, एवढें तरी पाहावें म्हणतों.